गोणपाटाचे भवितव्य

धान्याची गोणी, सुतळी आणि बारदान यांवाचून आपल्याकडील एकही बाजारपेठ चाललेली नाही. या साऱ्यांचे माहेर मात्र हुगळीकाठी, कलकत्त्याच्या परिसरात आहे. तेथे ज्याला ‘पाट’ म्हणतात, तोच आपला ताग.

तागाच्या धाग्यात सुमारे साठ टक्के सेल्यूलोज असते. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवा आणि पाणी यांपासून साखर बनवितात. त्या साखरेचे असंख्य रेणू एकापुढे एक जोडले गेले, की सेल्यूलोजची लांब, बळकट साखळी तयार होते. तागात तिला लिग्निन या काष्ठद्रव्याची जोड मिळते. त्यामुळेच ताग कापसापेक्षा राठ असतो व उन्हाने पिवळा पडतो. हे पीक अवघ्या चार महिन्यांत हाती येते. कापलेली ताटे दोनतीन आठवडे पाण्यात कुजत ठेवली, म्हणजे सूक्ष्म जीवाणू त्यांतील चिकट द्रव्य विरघळवितात आणि सालीचा धागा मोकळा होतो.

बंगालचा ताग प्रथम स्कॉटलंडमधील डंडी येथे जाऊन विणला जाई. १८५५ साली जॉर्ज ॲकलंड याने बिशंभर सेन यांच्या भांडवलाच्या साहाय्याने रिश्रा येथे सूतगिरणी काढली आणि हुगळीच्या दोन्ही तीरांवर या उद्योगाचा विस्तार होऊ लागला. १९४७ च्या फाळणीने मात्र विचित्र प्रसंग ओढवला : गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची बहुतेक उत्तम जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. पश्चिम बंगाल, आसाम व बिहार येथील शेतकऱ्यांनी लागवड वाढवून ती उणीव बरीचशी भरून काढली.

त्यापुढचे संकट प्लॅस्टिकच्या पोत्याचे. ते हलके आणि स्वस्त असते. परंतु फेकून दिल्यावर मातीत मिसळत नाही, आणि त्या कचऱ्याची किंमत विक्रेत्याच्या हिशेबात कधीच धरली जात नाही. १९८७ च्या कायद्याने धान्य व साखर यांच्या वेष्टनासाठी तागाच्या पोत्यांना संरक्षण दिले. त्यामुळे गिरण्या तगल्या. पण सरकारी मागणीवर जगण्याची सवयही त्यांना जडली. कायद्याच्या कुबड्यांवर उभा राहिलेला धंदा कायदा सैल होताच डळमळणार, हे उघड आहे.

म्हणूनच नव्या उपयोगांना महत्त्व आहे. उतारावर अंथरलेली तागाची जाळी पावसात माती धरून ठेवते. गवताची मुळे रुजेपर्यंत ती टिकते आणि मग स्वतःच मातीत मिसळते. धागा राळेत बसवून तक्ते व मोटारींच्या आतील अस्तर बनविता येते. बांगलादेशात मुबारक अहमद खान यांनी तागातून सेल्यूलोज वेगळे काढून पातळ पिशवी तयार केली आहे.

अर्थात ताग सर्वस्वी निर्दोष नाही. कुजविण्यास भरपूर पाणी लागते आणि ते गढूळ होते. नव्या वस्तू महागही पडतात. परंतु या अडचणी संशोधनाने व योजनेने कमी करता येण्याजोग्या आहेत. खनिज तेल एकदा उपसले, की संपले. तागाचे शेत मात्र दर पावसाळ्यात पुन्हा उभे राहते. त्याचे मोल ओळखले गेले, तरच हुगळीकाठचा कामगार आणि बंगालचा शेतकरी यांना पोत्यापलीकडचा आधार लाभेल.