प्रेषितांनी घाट का चढला नाही?
लेखमाला : पहिले प्रेषित आणि आपला मुलूख (लेखांक 6)

पैठणपासून तेरपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती गेवराई, बीड आणि केज या तालुक्यांच्या अंगाने जाते. पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी माहितीपुस्तकात ही वाट आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणचे किमती खडे आणि तेरचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, आणि वाट धड नव्हती, हेही तो नोंदवतो. दोन गावांमधले सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. बैलगाडीचे रोजचे पंधरा किलोमीटर धरले तर त्याचे दहा दिवस बरोबर भरतात. पौलाचे प्रवास नेमके याच काळातले, साधारण इ. स. 46 ते 57 मधले. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या सांगण्याप्रमाणे तांबड्या समुद्रातून वर्षाला 120 पर्यंत जहाजे हिंदुस्थानाकडे निघत. म्हणजे जहाज होते, मोसमी वारा होता, बंदरापासून बालाघाटापर्यंत गाडीवाट होती. या एवढ्या भांडवलावर प्रेषित आपल्याकडे आले असणारच, असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. माझ्या मते या पुराव्यातून नेमकी उलट गोष्ट निघते. वाट असूनही ख्रिस्ती धर्म त्या वाटेने चढला नाही, आणि का चढला नाही हे पाहिले की तो इतरत्र कसा पसरला तेही उलगडते.

आधी परंपरा काय सांगते ते पाहू. एडेसाकडे सिरियाक भाषेत तिसऱ्या शतकात रचलेल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात थोमा हा प्रेषित गोंडोफरनीस राजाकडे आल्याची कथा आहे. हा राजा कल्पित असावा असा समज होता. पण एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली आणि तख्त-ए-बाहीच्या शिलालेखाने त्याचा काळही पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात आणून ठेवला. कथेतला राजा खरा ठरला, हे मानलेच पाहिजे. पण त्याचे राज्य गांधार-पंजाबकडचे, दख्खनचे नव्हे. आणि दूरच्या राजाचे नाव व्यापाऱ्यांच्या तोंडून एडेसापर्यंत पोचायला प्रेषिताची गरज नव्हती. दुसरा दाखला चर्चचा इतिहासकार युसीबियसचा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचा पंतेनस ‘इंडिया’त गेला आणि बर्थलमयाने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तिथे मिळाले, असे युसीबियस लिहितो. काही अभ्यासकांनी यावरून बर्थलमयाला थेट कल्याणला आणून बसवले. पण त्या काळचे लेखक अरबस्तानच्या दक्षिण टोकालाही सर्रास ‘इंडिया’ म्हणत, त्यामुळे या दाखल्यावर फार भार टाकता येत नाही.

पाय टेकायला घट्ट जमीन लागते ती सहाव्या शतकात. कॉस्मस नावाचा प्रवासी ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असल्याचे आणि इराणातून नेमलेला बिशप तिथे असल्याचे सांगतो. बहुतेक जण हे कल्याणच मानतात. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, 1321 मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांची हकीकत सांगणारा ओडोरिक तिथे नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे लिहितो. पंधरा! आठ शतकांची वस्ती, आणि ती खाडीच्या काठावरच.

हा रस्त्याचा दोष नव्हता. त्याच रस्त्याने, जवळपास त्याच शतकांत, बौद्ध धर्म आत खोलवर गेला. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे चैत्यगृह आहे, हे त्याच्या गजपृष्ठाकार बांधणीवरून कुणालाही दिसते. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांनी, खांब दान केले, आणि तसे ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरून ठेवले. म्हणजे यवन म्हणवणाराही घाट चढला की इथल्या भाषेत इथल्या संघाला दान देत होता. उलट कल्याणचा बिशप इराणातून यायचा आणि उपासना सिरियाकमध्ये व्हायची. वखारीतल्या कुटुंबांना तेवढे पुरे होते. गेवराईच्या शेतकऱ्याशी बोलायला ते कामाचे नव्हते. पौलाची वाट इथे आठवावी. तो रोमन रस्त्यांनी फिरला खरा, पण त्याला यश आले ते ग्रीक बोलीमुळे, शहरोशहरीच्या यहुदी सभास्थानांतल्या ओळखींमुळे, आणि 49 च्या सुमारास यरुशलेमेच्या सभेने परराष्ट्रीयांना सुंतेची अट सोडल्यामुळे. अंत्युखियात बाहेरच्या माणसाला आपले कुळ न बदलता आत येता आले. कल्याणात तशी सोय झाल्याचा पुरावा नाही. आपल्याकडे ती भाषेपुरती झाली 1616 मध्ये, फादर स्टीफन्सनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले तेव्हा. ज्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात त्या मुकुंदराजांनीही ब्रह्मज्ञान ओवीतच उतरवले होते.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे: पुरावा सापडला नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असे नव्हे. कबूल. एखादा प्रवासी सेवक पैठणला मुक्काम करून गेलाही असेल. पण तेरच्या मातीतून रोमन धर्तीच्या वस्तू निघाल्या, चैत्य निघाला, आणि ख्रिस्ती खूण एकही नाही. तेव्हा निदान रुजलेली मंडळी नव्हती एवढे म्हणायला हरकत नसावी. दुसरा आक्षेप जास्त तिखट. एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यात ख्रिस्ती झाले ते इंग्रजी सत्तेमुळे आणि दुष्काळातल्या धान्यामुळे, तिथे भाषा आणि नातेगोते कशाला आणता? दुष्काळाचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जालन्याला इंग्रजी छावणी होती, हेही खरे. पण मुलूख निजामाचा होता, आणि तिथे काम उभे केले ते कुणा साहेबाने नव्हे, तर 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी. जालन्याजवळ निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवले. त्यांच्याकडे आलेले बरेचसे लोक मातंग समाजातले. नुसत्या धान्याने माणूस सुगीपर्यंत टिकतो. बेथेल टिकले, कारण तिथे मराठीत प्रार्थना होती, शाळा होती आणि एका घरामागे सोयऱ्याधायऱ्यांचे दुसरे घर येत होते. तिथून दक्षिणेला शहागडपाशी गोदावरी ओलांडली की गेवराई तालुका लागतो, आणि पेरिप्लसमधल्या गाड्यांची वाटही इथूनच कुठून तरी जात असणार.