कोकराची पापणी आत वळली आहे का?

मेंढपाळ बंधूंनो, कोकरू जन्मून दोन दिवस झाले, एक डोळा सारखा मिटलेला, गालावर पाण्याचा ओघळ. आपण म्हणतो, कचरा गेला असेल, नाहीतर डोळे आले असतील. पण कोकराला उजेडात धरून खालची पापणी नीट बघा. तिची कड आत वळलेली असली, तर केस बुबुळावर घासत असतात. दुर्लक्ष झालं की बुबुळ पांढरं पडतं, जखम होते, आणि डोळा कायमचा जातो. दोन्ही डोळ्यांना असलं तर कोकराला आईची कासही धड सापडत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत उपाय घरचाच आहे. हात स्वच्छ धुवा, पापणीखालची कातडी अंगठ्याने हळूच खाली ओढा, कड बाहेर येते. दिवसातून चार-पाच वेळा असं करा. तरी पुन्हा आत वळत असेल, किंवा बुबुळ पांढरं दिसलं, तर लगेच पशुवैद्यकांना दाखवा. ते पापणीला टाका घालतात किंवा पापणीत इंजेक्शन देतात. नुसत्या मलमाने पापणी बाहेर येत नाही. तंबाखूचं पाणी तर डोळ्यात अजिबात नको.

आता मुख्य गोष्ट. हा दोष बहुधा पिढीतून येतो. एकाच नराची तीन-चार कोकरं अशी निघाली, तर तो नर बदला. देखणा नर काढायला जिवावर येतं, कबूल. बरं झालेलं कोकरूही पैदाशीला ठेवू नका. त्याच्या कानाला आजच खूण करा. सहा महिन्यांनी नुसत्या डोळ्यावरून ते ओळखू येणार नाही.