लहान ‘जी’ आणि मोठा ‘जी’

पदार्थविज्ञानाची उदाहरणे सोडवताना तुम्हाला दोन ‘जी’ भेटतात. एक लहान लिपीतला, दुसरा मोठ्या लिपीतला. घाईत एकाच्या जागी दुसरा घातला, की उत्तर कुठल्या कुठे जाते. मग या दोघांत फरक कोणता?

लहान ‘जी’ म्हणजे गुरुत्वत्वरण. पुस्तकात ते ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असे दिलेले असते, पण ते सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्तावर ते ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ भरते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांशी किंचित चपटी आहे, म्हणून हा फरक पडतो. भारतीय सर्वेक्षण खात्याने १८६५ ते १८७३ या काळात देशात ठिकठिकाणी लंबक नेऊन तो मोजला होता.

मोठा ‘जी’ म्हणजे वैश्विक गुरुत्व स्थिरांक. तो नांदगावला, चंद्रावर, गुरू ग्रहावर एकच! १ किलोग्रॅमच्या दोन गोळ्यांची केंद्रे एकमेकांपासून १ मीटरवर असली, तर त्यांच्यातील आकर्षणाचे बल किती? ६.६७ ला १० च्या ११ व्या घाताने भागून येईल तितके न्यूटन. शिशाच्या गोळ्यांमधील अशी सूक्ष्म ओढ कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली मोजून दाखवली.

आता या दोघांच्या मदतीने पृथ्वीचे वस्तुमान काढू. समजा, तुमची शाळा नांदगावला आहे. एक लहान, जड गोळा दोऱ्याने टांगा. आधारबिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर १ मीटर ठेवा. गोळा जरासा बाजूला घेऊन सोडा आणि १०० आंदोलने मोजा. त्यांना सुमारे २००.९ सेकंद लागायला हवेत. म्हणजे दोलनकाल २.००९ सेकंद.

लहान ‘जी’ = ४ × ‘पाय’चा वर्ग × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग
= ३९.४८ ÷ ४.०३६ = ९.७८

पृथ्वीची त्रिज्या ६३,७०,००० मीटर घ्या.

पृथ्वीचे वस्तुमान = लहान ‘जी’ × त्रिज्येचा वर्ग ÷ मोठा ‘जी’

उत्तर येते ५.९५ × १० चा २४ वा घात किलोग्रॅम. मान्य किंमत आहे ५.९७! दोरा, गोळा आणि घड्याळ एवढ्यावर आपण सबंध पृथ्वी तोलली. मात्र एकके सांभाळा. त्रिज्या किलोमीटरमध्येच ठेवली, तर उत्तर १० लाख पटींनी कमी येईल.

शेवटी एक गंमत. प्रकाशाचा वेग १९८३ साली २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद असा कायमचा ठरवून दिला गेला. प्लँकचा स्थिरांकही २०१९ साली असाच निश्चित झाला. मोठा ‘जी’ मात्र आजही मोजावाच लागतो, आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांची उत्तरे चौथ्या अंकापासूनच वेगळी पडू लागतात. म्हणून पृथ्वीचे वस्तुमानही आपल्याला त्याहून अचूक सांगता येत नाही.