जुनाट त्वक्‌शोथाची कारणे : बारामती व इंदापूर तालुक्यांतील गाजर गवताचा विचार

पापण्या सुजलेल्या, मानेची कातडी जाड व काळपट झालेली, कोपरांच्या व गुडघ्यांच्या खळग्यांत चिघळलेले चट्टे आणि झोप लागू न देणारी खाज, अशी लक्षणे घेऊन वर्षानुवर्षे फिरणारा प्रौढ वयाचा शेतकरी त्वचारोगतज्ज्ञांना अपरिचित नाही. आपल्या खाण्यातच काही दोष असावा, अशी त्याची सामान्यतः समजूत असते. तो वांगे सोडतो, आंबट सोडतो, रक्तशुद्धीची औषधे घेतो. पण इसब हटत नाही. ज्या कारणाचा शोध तो ताटात घेत असतो, ते पुष्कळदा त्याच्या शेताच्या बांधावर उभे असते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांची परिस्थिती पाहता ही गोष्ट विशेष विचारार्ह ठरते.

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. पाऊस बेताचा असला, तरी नीरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील बऱ्याच क्षेत्राला पाणी मिळत आले. पुढे उजनी जलाशयाचे पाणी इंदापूर तालुक्याच्या सीमेवर पसरले. परिणामी एका बाजूस कोरडवाहू माळ व दुसऱ्या बाजूस ऊस, डाळिंब, द्राक्षे यांची बागायत असे दुहेरी रूप या भूभागास आले. कालव्यांचे भराव, चाऱ्यांचे काठ, रस्त्यांच्या कडा व पडीक तुकडे हे या दोहोंच्या मधले क्षेत्र होय. आणि नेमके तेच गाजर गवताचे आवडते स्थान आहे.

गाजर गवत, म्हणजेच पार्थेनियम हिस्टेरोफोरस, ही सूर्यफुलाच्या कुलातील वर्षायू वनस्पती असून तिचे मूलस्थान मेक्सिकोचे आखात व त्याभोवतीचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेचा प्रदेश हे आहे. पुण्यातील तिच्या आढळाची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. आयात केलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असावे, हे मत सर्वत्र रूढ झाले. तथापि तिचे भारतातील अस्तित्व त्याहून जुने असल्याचे वनस्पतिसंग्रहांतील नमुन्यांवरून पुढे दाखवून देण्यात आले. एकेक झाड हजारो बिया देते व ओलावा मिळेल तेव्हा त्या रुजतात. लोकांनी तिला काँग्रेस गवत, चटक चांदणी अशी नावे दिली. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनी मिचेल व कॅलनन यांच्या समवेत १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे या तणापासून होणाऱ्या संपर्कजन्य त्वक्‌शोथाकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले गेले.

या वनस्पतीच्या पाने, खोड व फुलोऱ्यावरील सूक्ष्म केसांत पार्थेनिन नावाचे सेस्क्विटर्पीन लॅक्टोन असते. त्याचा रेणू लहान असल्यामुळे तो एकटा प्रतिकारयंत्रणेस जागृत करू शकत नाही. परंतु त्वचेत शिरून तेथील प्रथिनांशी तो जोडला गेला, की ते संयुग शरीरास परके वाटू लागते. त्वचेतील विशिष्ट कोशिका त्याची ओळख लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचवितात व तेथे ते ओळखणाऱ्या टी-कोशिका तयार होतात. ही पूर्वतयारी दीर्घकाळ, कित्येकदा काही वर्षे, निमूटपणे चालते. म्हणूनच, ‘इतकी वर्षे हे गवत उपटले तेव्हा काही झाले नाही’, हा रुग्णाचा युक्तिवाद गवतास निर्दोष ठरवीत नाही. एकदा शरीर संवेदनशील बनले, की अत्यल्प स्पर्शानेही एकदोन दिवसांत दाह उसळतो. अर्थात संपर्क येणाऱ्या प्रत्येकास हा रोग होत नाही, हेही तितकेच खरे.

स्पर्शासाठी गवत हाताळलेच पाहिजे असे नाही. वाळलेल्या झाडाचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो व उघड्या अंगावर बसतो. निदानाची किल्ली येथेच आहे. केवळ सूर्यप्रकाशाने होणाऱ्या विकारात वरच्या पापण्या, कानामागील भाग व हनुवटीखालची जागा बहुधा सुटते, कारण तेथे सावली असते. हवेतून येणारी धूळ मात्र सावली जाणत नाही. ती घामाबरोबर नेमक्या याच घड्यांत साचते. रोग जुना झाल्यावर त्वचा प्रकाशासही असह्य होऊ शकते, तेव्हा हा भेद पुसट होतो.

तथापि प्रत्येक चट्ट्याचे खापर गाजर गवतावर फोडणे योग्य नव्हे. उसाच्या पाचटाची कुसे अंगात शिरून होणारा दाह हा घर्षणाचा असतो व काम थांबताच बहुधा ओसरतो. ओल्या सिमेंटमधील क्रोमेट क्षार, रबरी पादत्राणे, कीटकनाशके व बुरशीनाशके यांनी होणारा त्वक्‌शोथ प्रामुख्याने हातापायांवर दिसतो. गजकर्णावर स्टेरॉइडयुक्त मलम लावत राहिल्यास त्याचे मूळ रूपच बदलते व ते इसबासारखे भासू लागते. याउलट शंकेश्वर व शेवंती या गाजर गवताच्याच कुलातील वनस्पती पार्थेनिनला संवेदनशील झालेल्या त्वचेस पुन्हा डिवचू शकतात.

ऋतुमानाची साक्ष या भागात जपून घ्यावी लागते. कोरडवाहू प्रदेशात हे तण पावसाबरोबर वाढते व पुढे वाळून जाते. त्यामुळे रोगाच्या प्रारंभीच्या वर्षांत चढउतार स्पष्ट दिसतो. कालव्याच्या काठी मात्र ओल टिकते, एक पीक वाळत असता दुसरे उगवते, आणि रुग्णास बारमाही त्रास होतो. ‘वर्षभर खाज असते, म्हणजे ऋतूशी संबंध नाही’, असा निष्कर्ष कोरडवाहू गावी कदाचित टिकेल. बागायती गावी तो फसवा ठरतो. ज्या पाण्याने शेतकऱ्यास स्थैर्य दिले, त्याच पाण्याने रोगाच्या कारणावर पडदाही टाकला, असे म्हणावे लागते.

हा पडदा दूर करण्याचे साधन म्हणजे पट्टी-चाचणी. वनस्पतीचा अर्क पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवून नंतर, आणि पुन्हा एकदोन दिवसांनी, उमटणारी प्रतिक्रिया पाहिली जाते. उपचारात स्टेरॉइडे व काही रुग्णांत अझाथायोप्रिन उपयोगी पडते. परंतु दोन्हींना वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. गाव सोडून जा, हा सल्ला शेतकऱ्यास बहुधा निरुपयोगी होय. अंगभर कपडे घालणे, कामानंतर अंग धुणे, संवेदनशील व्यक्तीने तण स्वतः न उपटणे व इतरांनी ते हातमोजे घालून फुलोऱ्यापूर्वीच काढणे, हे त्याला शक्य आहे. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला झायगोग्रामा भुंगेरा व टाकळ्यासारख्या स्पर्धक वनस्पती यांचाही हातभार लागतो. मात्र कालव्याचे भराव व रस्त्यांच्या कडा कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. एका शेतकऱ्याने स्वतःचा बांध स्वच्छ केला, तरी शेजारच्या भरावावरील धूळ त्याच्यापर्यंत येतेच. म्हणून या रोगाचे निदान जरी एका रुग्णाच्या पाठीवर होत असले, तरी त्याचा प्रतिबंध साऱ्या गावाच्या शिवारातच करावा लागतो.