खुब्याचे सांधारोपण : रुग्णाची अपेक्षा आणि समाधान

खुब्याच्या सांध्याचे रोपण ही विसाव्या शतकातील शल्यशास्त्राची एक मोठी देणगी होय. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी यांची जोडी रूढ केली आणि वेदनेने जखडलेले असंख्य रुग्ण पुन्हा चालू लागले. २००७ साली 'लॅन्सेट'मधील एका लेखाने तिला 'शतकातील शस्त्रक्रिया' म्हणून गौरविले. २०१९ साली त्याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे पंचवीस वर्षे टिकतात.

तथापि सांधा टिकणे आणि रुग्ण समाधानी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९६९ सालची हॅरिस गुणपद्धती शल्यचिकित्सकाने भरावयाची. १९९६ सालच्या ऑक्सफर्ड प्रश्नावलीतील बारा प्रश्नांची उत्तरे मात्र रुग्ण स्वतः देतो. पायमोजे घालता येतात काय, टेबलावर जेवून खुर्चीवरून उठताना दुखते काय, असे ते प्रश्न आहेत.

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील रुग्णाचे प्रश्न निराळे असतात. त्याला पंगतीत मांडी घालून बसायचे असते, उकिडवे बसून शौचास जायचे असते, धानाच्या बांधीत वाकून रोवणी करायची असते. नव्या सांध्याला नेमक्या याच हालचाली, विशेषतः पहिले काही महिने, धोक्याच्या ठरू शकतात. सांधा निखळण्याचे भय असते. वेदना बहुधा काही आठवड्यांतच ओसरते. चालण्यातील सुधारणा वर्षभर होत राहते. परंतु मांडी घालण्याबाबत आधी कोणी बोललेच नसेल, तर निर्वेध झालेली शस्त्रक्रियाही रुग्णाला फसवणूक वाटते.

दुसरा प्रश्न सिकलसेलचा. बालाघाट, मंडला, दिंडोरी या पट्ट्यातील आदिवासी समाजात हा आजार आढळतो. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ऐन तारुण्यात खुबा निकामी होतो. अशा रुग्णात जंतुसंसर्गाचा धोका अधिक, आणि आयुष्य पुढे दीर्घ असल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची शक्यताही अधिक. नवा सांधा खुब्याचे दुखणे घालवील. मूळ आजार आणि इतर हाडांतील कळा तशाच राहतील, हे त्याला व त्याच्या आईवडिलांना आधी समजले पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथून, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. तपासणीत निदान झालेल्या प्रत्येकाला मांडीचा सांधा किंवा गुडघा दुखतो काय, एवढे विचारले तरी पुष्कळांचा खुबा वेळीच तपासला जाईल.

शस्त्रक्रिया नागपूरला होवो वा गोंदियाला, रुग्ण प्रथम येतो तो आपल्याच दवाखान्यात, आणि टाके निघाल्यावर परततोही तेथेच. म्हणून त्याला पाठविण्यापूर्वी आपण एकच प्रश्न विचारावा : 'बरे झाल्यावर तुम्हाला सर्वांत आधी काय करता यायला हवे?' उत्तर चिठ्ठीवर लिहून शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. त्यातील काय साधेल, काय साधणार नाही, याचा स्पष्ट उलगडा रुग्णाच्या भाषेत व्हावा. घरी खुर्चीचा संडास, उंच खाट आणि आधाराची काठी यांची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावी. रुग्णाच्या समाधानाचा पाया येथे, आपल्या दवाखान्यातच घातला जातो.