गुड फ्रायडे

ख्रिस्ती धर्मीयांचा एक गंभीर पर्वदिन. येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळून ठार मारण्यात आले, त्या घटनेच्या स्मरणार्थ ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारी तो पाळतात. मराठी ख्रिस्ती समाजात त्यास ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ असेही म्हणतात. हा आनंदोत्सव नसून उपवास, मौन व प्रार्थना यांचा दिवस आहे.

मृत्यूच्या दिवसास ‘गुड’ म्हणणे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. जुन्या इंग्रजीत या शब्दास ‘पवित्र’ असाही अर्थ होता. जर्मन भाषेत हाच दिवस ‘विलापाचा शुक्रवार’, तर ग्रीकमध्ये ‘महान शुक्रवार’ ठरतो. शोक आणि महत्ता या दोन्ही भावना ख्रिस्ती श्रद्धेत एकत्र नांदतात. येशूने मानवाच्या पापांचे प्रायश्चित्त स्वेच्छेने स्वतःवर घेतले, अशी ही श्रद्धा असल्याने त्याचा मृत्यू पराभव न ठरता आत्मबलिदान ठरतो. तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानापासून तो वेगळा काढता येत नाही (→ ईस्टर).

शुभवर्तमानांनुसार ही घटना यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास घडली. गुरुवारी रात्री शिष्यांसह भोजन झाल्यावर येशूला गेथशेमाने येथे अटक झाली. रोमन सुभेदार पिलात याने त्यास देहदंड दिला व गुलगुथा येथे दुपारी तीनच्या सुमारास त्याने प्राण सोडला. वल्हांडण चांद्रमासानुसार येत असल्याने गुड फ्रायडेची तारीखही बदलते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार ईस्टरचा धरतात. त्यामुळे गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल या कालावधीत येतो. मराठी पंचांगाप्रमाणे तो बहुधा चैत्र, तर काही वर्षी फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास पडतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमधील गणना जूलियन पंचांगावर आधारलेली असल्याने तेथे बहुधा तो नंतर येतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरूसलेम येथे या दिवशी क्रुसाचे दर्शन घेत असत, असे एजेरिआ या यात्रेकरू स्त्रीच्या प्रवासवृत्तावरून कळते. कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी मिस्सा होत नाही. वेदी उघडी ठेवतात व घंटा वाजवीत नाहीत. दुपारच्या उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात, सर्व मानवजातीसाठी प्रार्थना करतात, क्रुसाला वंदन करतात आणि आदल्या दिवशी आशीर्वादित केलेली भाकर ग्रहण करतात. येशूच्या अखेरच्या प्रवासाचे चौदा टप्प्यांत चिंतन करण्याच्या विधीस ‘क्रुसाची वाट’ म्हणतात. अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन या वेळात क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. गोव्यात मृत येशूच्या प्रतिमेची मिरवणूक काढतात.

या दिवसाच्या स्मृतीचा दुरुपयोगही झाला. येशूच्या वधाचा दोष सर्व यहुदी समाजावर लादला गेल्याने मध्ययुगीन यूरोपात पवित्र सप्ताहात यहुद्यांवर हल्ले होत. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेतील अवमानकारक शब्द काढून टाकला. हा दोष सर्व यहुद्यांना लावता येणार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले.

मराठीत या कथेस जुनी परंपरा आहे. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात (१६१६) ती ओवीबद्ध झाली आहे. बीड जिल्ह्यास लागून असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. त्याच परिसरात पुढे ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची पद्धती ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केले. बीड जिल्ह्यातील कॅथलिक समाज १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो. प्रॉटेस्टंटांच्या मराठी पवित्र शास्त्रात ‘वधस्तंभ’, तर कॅथलिक परिभाषेत ‘क्रूस’ हा शब्द रूढ आहे. शब्द निराळे असले, तरी दोन्ही पंथांत या दिवशी एकाच दुःखसहनाचे स्मरण केले जाते. महाराष्ट्रात या दिवशी सार्वजनिक सुटी असते.