पावसात टिकलेल्या रेषा

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेवर ओरत्तनाडु लागतं. भातखाचरं, नारळ आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802च्या सुमारास उभारलेलं मुक्तांबाळ छत्र. दर्शनी मंडप रथाच्या घडणीचा, त्याला दगडी घोडे आणि हत्ती. गावात डोंगर नाही, गुहा तर नाहीच. त्यामुळे आदिमानवाची चित्रं पाहायची तर इथल्या माणसाला नैर्ऋत्येला पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या तिरुमयमच्या खडकापर्यंत जावं लागतं. तिथं आडोशाला लाल रंगाच्या आकृती आहेत.

आडोसा हा शब्द इथं महत्त्वाचा. विष्णू श्रीधर वाकणकरांना 1957मध्ये भीमबेटकाला जे गवसलं, तेही वालुकाश्माच्या कपारींखालचं. सहाराच्या गुहांत तर पाऊसच नाही. अल्जीरियाच्या तासिली नाज्जेर पठारावर पंधरा हजारांहून जास्त चित्रं आणि कोरीव आकृती आहेत, गुराढोरांसकट. इजिप्तमधल्या गिल्फ केबीरला 1933मध्ये अल्मासी या शोधकाला पोहणारी माणसं रंगवलेली दिसली. आज जिथं प्यायला थेंब मिळत नाही, तिथं! सहारा तेव्हा हिरवं होतं. पुढं वाळवंट झालं आणि त्या कोरडेपणानंच रंग जपला. फोटो उठावदार यावा म्हणून पाहुण्यांनी चित्रांवर पाणी मारलं, तेव्हा मात्र ती खराब झाली.

आता कोकणात या. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. झाडी नाही, छप्पर नाही, नुसता जांभ्याचा उघडा सडा. तिथं रंग एक पावसाळाही काढणार नाही. म्हणून माणसानं कातळच खोदला. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. जवळ उभं राहिलं तर नुसते चर दिसतात. चार पावलं मागं सरकत गेलं की पाठ, मग सोंड लक्षात येते. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. कुठं मासे, कुठं गेंड्यासारखं जनावर. कोकणात आज गेंडे नाहीत.

कोकणातच बारसूच्या सड्यावर दोन वाघांसारख्या प्राण्यांमध्ये उभा माणूस आहे. त्याचं नातं लगेच मोहेंजोदडोच्या मुद्रांशी जोडतात. मला ती घाई वाटते. आधी इथल्या कातळाचं वय नीट ठरू द्या. देवाचे गोठणे गावच्या कातळशिल्पापाशी होकायंत्र भरकटतं, त्याचं लोकांना भारी कौतुक. मला मात्र कातळावरची रेष जास्त अडवते.

गावकऱ्यांना ही चित्रं पूर्वापार ठाऊक होती, पांडवांच्या नावावर खपतही होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पालथे घातले, तेव्हा ती नोंदीत आली. 2022मध्ये कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात गोव्याचं फणसामळ आणि सिंधुदुर्गातलं कुडोपीही आहे.

पावसाला पुरून उरलेल्या या रेषांना धोका आहे तो चिरेखाणीचा. जांभा हा कोकणच्या घराचा दगड. सडा ज्याच्या नावावर, तो चिरे काढणार, त्याला दोष कसा द्यायचा? 2023मध्ये बारसूच्या रिफायनरीचा वाद पेटला, तेव्हा कातळशिल्पांची चर्चा झाली, पण खाणमालकाच्या पोटापाण्याची कोणी फारशी केली नाही. उक्षीला गावानं तिथल्या कोरीव हत्तीभोवती चिऱ्यांचाच गडगा घातलाय. वरून वाकून बघता येतं, पायदळी तुडवता येत नाही.